ड्यूकचा डावा गाल

वुन्शमानने मेणाच्या गालावरून करंगळीचे नख फिरवले, कानाच्या पाळीपासून थेट हनुवटीपर्यंत, आणि मग ते नख रुमालाला पुसले.

"एवढा खोल पाहिजे," तो म्हणाला. "राजवाड्यावरून निरोप आहे. आंधळ्याने अंगठा फिरवला तरी व्रण कळला पाहिजे."

गॉटलोब हेल्फेरिशने तळहाताएवढे ते मेणाचे चित्र खिडकीपाशी नेले. दरबारच्या शिल्पकाराने ड्यूक कुनोचे तोंड डावीकडे वळवले होते, म्हणजे पाहणाऱ्याला डावा गाल दिसत होता, व्रणासकट. म्हातारे ड्यूक त्या हिवाळ्यात वारले होते आणि आता नव्या ड्यूकच्या चेहऱ्याचे नाणे निघायचे होते. आधी सोन्यात मोजकेच नमुने पाडायचे, ते दरबारात दाखवायचे, पसंत पडले की त्याच चेहऱ्याने चांदीचे थालर बाजारात आणायचे, अशी आमच्याकडची रीत. वुन्शमान टांकसाळीचा प्रमुख होता आणि हेल्फेरिश तिथे ठसे कोरायचा. वाल्डेनरोडाच्या टीचभर राज्यात हे काम येणारा दुसरा कोणी नव्हता.

"मागच्या बाजूला तलवार आणि ओकच्या पानांची माळ," वुन्शमान म्हणाला. "भोवती अक्षरं. 'शत्रूच्या पोलादाने गौरविलेला'."

"शत्रूच्या," हेल्फेरिश म्हणाला.

"फ्रेंचांच्या. तुम्ही काय झोपला होतात त्या वर्षी?"

हेल्फेरिश झोपला नव्हता. त्या वर्षी गावात कोणीच झोपले नव्हते, आणि चीड येते ती त्याचीच. फ्रान्सकडे निघालेल्या तुकडीबरोबर युवराज कुनो बाजारचौकातून घोड्यावर बसून गेला, तेव्हा त्याच्या अर्ध्या तोंडाला पट्टी बांधलेली होती. पाववाल्याने पाहिली, पाद्रीबुवांनी पाहिली, खिडक्यांतून फुले टाकणाऱ्या बायकांनी पाहिली. शिकारीत काटेरी कुंपणावर पडले, असे राजवाड्यातून सांगण्यात आले आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतले. लढाई संपल्यावर, सगळा धुरळा खाली बसल्यावर, तोच कुनो परत आला. पट्टी गेली होती, जागेवर लाल व्रण होता, आणि आता तो फ्रेंच घोडेस्वाराच्या तलवारीचा झाला होता. जाताना पट्टी होती हे एकाही माणसाला आठवेना. सगळे चौकात टोप्या उडवत उभे. आमच्या गावाची स्मरणशक्ती राजवाड्याच्या हुकमाने चालते, दुसरे काय.

हेल्फेरिश मेणाचे चित्र घेऊन वर गेला. टांकसाळीच्याच वरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची मुलगी सिदोनी राहत. ती किसलेले कच्चे बटाटे फडक्यात बांधून पिळत होती, जेवणातल्या गोळ्यांसाठी. चित्र तिच्यापासून लपवता आले असते. त्याने ते टेबलावर बटाट्याच्या सालींशेजारी ठेवले आणि तो उभाच राहिला.

सिदोनीने पाहिले. तिचे पिळणे थांबले नाही. फडक्यातून पांढरे पाणी घमेल्यात पडत राहिले, आणि पाणी संपल्यावरही ती पिळतच राहिली.

विशीत असताना ती राजवाड्यातल्या कपड्यांच्या कोठीत कामाला होती. चादरी, अभ्रे, हातपुसणी यांच्या कोपऱ्यात मुकुट आणि त्याखाली राजघराण्याची अक्षरे भरायची. एका दुपारी ती तिथून उघड्या डोक्याने, एक बाही फाटलेली, मुठीत भरतकामाची कात्री घेऊन घरी आली. दिवेलागणीच्या आत राजवाड्याच्या कारभारणीने गावभर केले की हेल्फेरिशच्या पोरीला लेस चोरताना पकडले आणि हाकलले. युवराज कुंपणावर पडला तोही त्याच दुपारी. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायला फार अक्कल लागत नव्हती, पण गावाने त्या दोन वेगवेगळ्या खिशांत घालून टाकल्या. खोगीर शिवणाऱ्या आन्सेल्मने ठरलेले लग्न मोडले. खाटकीण तिला मांस म्हणून हाडे बांधून देऊ लागली. आणि तिचा सख्खा बाप टांकसाळीचा नोकर होता. तो मूग गिळून बसला.

"हे कशाला?" सिदोनीने विचारले.

"नवीन नाण्यासाठी."

"यासकट?"

"याच्यासाठीच. लढाईची खूण म्हणून. मागे तलवार कोरायचीय."

ती हसली. ते हसणे फार वाईट होते.

"म्हणजे मी पाव आणायला जाणार आणि हे माझ्या हातात येणार. केलं मी, आणि मिरवणार तो."

हेल्फेरिश घाईघाईने म्हणाला की तो वुन्शमानला पटवेल, उजवी बाजू जास्त उठून दिसते म्हणून सांगेल. चेहरा उजवीकडे वळवला की व्रणाचा प्रश्नच उरणार नाही.

"म्हणजे गप्प बसायची नवीन युक्ती," सिदोनी म्हणाली. "एकदा तरी विचारलंत, बाबा? एवढ्या वर्षांत? ती फाटकी बाही तुम्हीच चुलीत घातलीत. माझ्यासमोर. पण विचारलं नाहीत."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणूनच विचारलं नाहीत."

हेल्फेरिशला लाज वाटली आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला. तो ड्यूकवर होता, कारभारणीवर होता, आन्सेल्मवर होता, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या टोपीवर होता. ड्यूकची गाडी चौकातून गेली की इतकी वर्षे ती आपोआप डोक्यावरून उतरत आली होती. त्याने ती काढून खुर्चीवर आपटली.

सिदोनीने हात न पुसताच बोट मेणाच्या गालावर ठेवले. बोटाला बटाट्याचे पीठ लागलेले होते.

"हे चूक केलंय. इथे कानापाशी खोल आणि खाली जाताना पुसट. घोड्यावरून तलवार मारली की असं होत असेल. तसं नव्हतं ते. कात्री हनुवटीपाशी घुसली आणि वर गेली. कानापर्यंत पोचताना माझा जोर संपला."

"खालून वर?"

"मी खाली होते, बाबा."

चुलीवरच्या भांड्यातले पाणी उकळून बाहेर येऊ लागले. दोघांपैकी कोणीही उठले नाही.

"उजवी बाजू नको," ती शेवटी म्हणाली. "डावीच कोरा. पण झालं तसं कोरा. आणि नसेल जमत तर त्यांना सांगा दुसरा माणूस शोधा, पण मग मी या घरात राहणार नाही."

ड्यूकने हेल्फेरिशला एकच बैठक दिली, तीही न्याहारी करता करता. मांडीशी दोन शिकारी कुत्रे होते. सॉसेजचा एक तुकडा स्वतः खायचा आणि एक कुत्र्यांना टाकायचा, असे चालले होते आणि मधूनमधून तो त्या फ्रेंच घोडेस्वाराची गोष्ट सांगत होता. मिशा कशा होत्या, घोडा कोणत्या रंगाचा होता. इतक्या वेळा सांगून त्याला ती स्वतःलाच खरी वाटू लागली असावी. हेल्फेरिश कागदावर कान, भुवई, गळपट्टा उतरवत होता. व्रण त्याने अगदी जवळून पाहिला. हनुवटीपाशी जाड, गाठाळ, आणि वर कानाकडे जाता जाता केसासारखा बारीक. सिदोनीने सांगितले त्यात एका धाग्याचाही फरक नव्हता.

"तुमची मुलगी होती ना आमच्याकडे? चादरींवर अक्षरं भरायला?" ड्यूकने मध्येच विचारले.

"होती, महाराज."

"हात चांगला होता तिचा. आता काय करते?"

"घरी असते."

"अरेरे," ड्यूक म्हणाला आणि त्याने कुत्र्याला तुकडा टाकला.

हेल्फेरिशच्या पेन्सिलीचे टोक मोडले. त्याने खिशातून चाकू काढला, पेन्सिलीला नवे टोक केले, आणि चाकू मिटून परत खिशात ठेवला. तो मिटायला त्याला किती वेळ लागला हे ड्यूकच्या लक्षात आले नाही.

इतके चांगले काम त्याच्या हातून आयुष्यात झाले नव्हते. रागाने हात थरथरतो म्हणतात, त्याचा स्थिर झाला. ठशाचे काम सगळे उलटे असते. नाण्यावर जे वर उठायला हवे ते पोलादात खोल खणायचे, डावे ते उजवे करायचे. त्याने जाड होत चाललेली मान खणली, ओठांतला तो सुखवस्तू कंटाळा खणला, केसांची बट न् बट मोकळी केली. वुन्शमान दिवसाआड डोकावून माना डोलावून जाई. व्रण तेवढा राहिला होता. तो नाण्यावर उंचवटा म्हणून उठायचा, म्हणजे ठशात ती कोरणीची एकच रेघ. कोरणी घुसते तिथे रेघ जाड येते, सुटते तिथे बारीक.

रविवारी सगळे चर्चमध्ये असताना त्याने जिन्यातून हाक मारली. सिदोनी हात पुसत खाली आली. टांकसाळ रिकामी होती, खिडकीतून ऊन थेट बाकावर पडत होते, आणि वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठसा ठेवलेला होता. हेल्फेरिशने भिंग तिच्यासमोर सरकवले. मग आपल्या हाताने झिजून गुळगुळीत झालेल्या मुठीची कोरणी त्याने तिच्या तळहातात ठेवली.

तिने बोटे कोरणीच्या मुठीभोवती वळवली.

"लहानपणी शिकवलं होतं तुला," तो म्हणाला. "शिशावर. तसंच धर. तळव्याने रेट द्यायचा, उशी मी फिरवतो. एकदाच. यात दुरुस्ती होत नाही."

"मागच्या वेळीही नव्हती," सिदोनी म्हणाली.

तिने भिंगात डोळा घातला. कोरणीचे टोक पोलादातल्या हनुवटीपाशी टेकवले. बाहेर चर्चमधून लोकांचे गाणे ऐकू येत होते. तिने श्वास घेतला आणि तळव्याचा सगळा भार टोकावर टाकला. पोलाद कुरकुरले. हेल्फेरिशने उशी हळूहळू वळवली, आणि चांदीसारखी चमकणारी पोलादाची एक बारीक साल गुंडाळत गुंडाळत वर आली, कानापाशी सुटली आणि खाली पडली. तिने कोरणी बाकावर ठेवली. तिच्या कपाळावर घाम होता, पण हात हलला नव्हता.

मानेखाली कोरणाऱ्याने आपले अक्षर घालायचे असते. त्याने बारीकसे H कोरले. हेल्फेरिश तो होता आणि हेल्फेरिश तीही होती. दुसऱ्या दिवशी ठशाला पाणी देऊन तो कडक करण्यात आला, आणि मग त्यावर कोणाचीच कोरणी चालण्यासारखी राहिली नाही. पहिला सोन्याचा नमुना दाबयंत्राखालून निघाला तेव्हा वुन्शमानने डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला.

"खोल आहे," तो समाधानाने म्हणाला. "शाबास."

नमुने दरबारात न्यायचा मान कोरणाऱ्याचा. ड्यूकच्या वाढदिवशी हेल्फेरिश हिरव्या मखमलीचे तबक दोन्ही हातांत धरून दालनात उभा राहिला. ड्यूकने एक नाणे उचलले आणि लांब धरून पाहिले. त्याला चष्मा लागत होता, पण तो लावत नसे. तरुण डचेसने एक घेतले, मंत्र्याने घेतले, आणि एक घेतले म्हाताऱ्या कर्नल फोन वेल्झेनने. हा खरोखर लढलेला माणूस होता आणि त्याचा एक हात लढाईतच राहिला होता. मंत्री चेहऱ्यातल्या तेजाबद्दल बोलू लागला. कर्नलने नाणे खिडकीकडे धरले.

"तो फ्रेंच घोड्यावर होता ना, महाराज?"

"अर्थातच."

"आणि आपणही घोड्यावर?"

"सगळ्यांना माहीत आहे ते."

"मग हे उलटं आलंय," कर्नल म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही खोच नव्हती, घोड्याच्या नालाबद्दल बोलावे तसा तो बोलत होता. "घोडेस्वाराचा वार वरून येतो, वरच खोल लागतो. हा खालून आलाय. असा वार खाली पडलेला माणूस करतो, अंगावर वाकलेल्या..."

तिथे तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर ऐकू आले असावे. मंत्री मखमलीकडे पाहू लागला.

"कोरणाऱ्याची चूक आहे," ड्यूक म्हणाला. त्याने हेल्फेरिशकडे पाहिले आणि त्याचा आवाज एकदम गोड झाला. "होतं असं. चूकच झालीय, हो ना, हेल्फेरिश?"

नुसते हो म्हटले की सुटका होती. नवा ठसा कोरायला मिळाला असता, घर राहिले असते, नोकरी राहिली असती. ड्यूकच्या मागे उभा असलेला वुन्शमान जोरजोराने मान हलवून हो म्हण, हो म्हण असे सांगत होता. हेल्फेरिशच्या दोन्ही हातांत तबक होते, त्यामुळे त्याला नेहमीसारखे वाकता आले नाही.

"नाही, महाराज," तो म्हणाला. "आपण समोर बसला होतात. दिसला तसाच कोरलाय."

मग दालनातल्या माणसांनी एक गोष्ट केली, आणि ती त्यांनी ठरवून केली नाही. ज्या गालाकडे ही मंडळी इतकी वर्षे रोज पाहत आली होती, त्या गालाकडे त्यांनी हातातल्या सोन्यावरून नजर उचलून पाहिले. ताडून पाहिले. आधी मंत्र्याने, मग कर्नलने, मग डचेसने. ती सगळ्यात जवळ उभी होती. हनुवटी, गाल, कान, अशी तिची नजर सावकाश वर गेली.

ड्यूक क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग खिडकीबाहेर काहीतरी दिसल्यासारखा वळला. दालनाकडे आता त्याचा उजवा गाल होता.

"नाक बिघडवलंय," तो खिडकीला म्हणाला. "हे नाक माझं नाही. वितळवून टाका."

नमुने गोळा करून वितळवण्यात आले आणि ठशावर छिन्नी मारून तो निकामी करण्यात आला. एवढे झाले ते नाकासाठी. एक नमुना मात्र आला नाही. डचेसने सांगितले की तिचा हरवला. वुन्शमान पुन्हा विचारायला गेला, तेव्हाही ती हरवला म्हणाली, आणि ती खोटे बोलत होती हे त्याला तिच्या मिटलेल्या मुठीवरून कळत होते. तिची मूठ उघडायला सांगणार कोण?

हेल्फेरिशला महिनाअखेर खोल्या सोडाव्या लागल्या. बापलेक नदीकाठी रंगाऱ्याच्या घरामागे राहायला गेली. तो चमच्यांवर नावे आणि कुत्र्यांच्या पट्ट्यांवर मालकांची अक्षरे कोरू लागला. त्याच्यापुढून ड्यूकची गाडी गेली की टोपी डोक्यावरच राही. त्याची त्याला सवय व्हायला मात्र वेळ लागला, कारण हात आपोआप वर जाई आणि मग तो कान खाजवून खाली घ्यावा लागे.

टांकसाळीने बाहेरगावचा माणूस आणला. शरद ऋतूत नवे थालर बाजारात आले. त्यांवर ड्यूकचे तोंड उजवीकडे वळलेले होते, गाल लोण्यासारखा स्वच्छ, मागे तलवार नाही, पोलाद नाही, नुसती पानांची माळ. त्यानंतर तो मरेपर्यंत जितकी नाणी निघाली त्या सगळ्यांवर तो उजवीकडेच पाहत राहिला. लोकांना कोणी काही सांगितले नव्हते. पण दालनात नोकरही होते, आणि नोकरांना घरे असतात.

सिदोनी खाटिकाकडे गेली तेव्हा खाटकीण गल्ल्यातला एक नवा थालर हातात घेऊन उभी होती. तिने ड्यूकच्या कोऱ्या गालावर अंगठा फिरवला, काही लागते का पाहावे तसा. मग तिने आकड्यावरचा पाठीचा चांगला तुकडा उतरवला आणि सिदोनीकडे न पाहता कागदात बांधायला घेतला.

"आज हा ने," ती पुटपुटली. "हाडं काय रोज रोज."

"हाडंच द्या," सिदोनी म्हणाली. "तुमच्या हातची सवय झालीय मला."

खाटकिणीचे तोंड उतरले. सिदोनीने हाडेच घेतली आणि परत मिळालेल्या पैशांत आलेले एक नवे नाणे घरी नेऊन बापासमोर टाकले. हेल्फेरिशने भिंग लावून ते बराच वेळ पाहिले, काठ पाहिला, केस पाहिले.

"काम स्वच्छ आहे माणसाचं," तो म्हणाला.

"आणि नाक?"

"मी कोरलेलंच आहे की. जसंच्या तसं."

या वेळी ती हसली ते वाईट हसणे नव्हते, पण त्यात राग तसाच होता, आणि हेल्फेरिशला तो नकोसा वाटला नाही.

ते थालर आजही आमच्याकडे कोणाच्या ना कोणाच्या घरात निघतात. पाहाल तर मुकुट शाबूत असतो, अक्षरे शाबूत असतात, नाकही बऱ्यापैकी शाबूत असते, आणि गाल झिजून सपाट झालेला असतो. उंच भाग आधी झिजतो, असे जाणकार सांगतात. सांगोत बापडे. नाणे हाती आले की जिथे व्रण नव्हता तिथे अंगठा फिरवायची गावाला सवय लागली होती. बाजारात, चर्चच्या दारात, दारूच्या गुत्त्यात सगळे फिरवत. आणि फिरवताना तोंडातून एक शब्द कोणी काढत नसे.